प्रकरण अकरावे : बावीस ओव्यांचं मांजर

सुलूताई शुक्रवारी दुपारी आल्या त्या हिरव्या रंगाची एक पत्र्याची ट्रंक घेऊनच. रिक्षावाल्यानं ती तिसऱ्या मजल्यावर आणून टेकवली तेव्हा आतून असा पोकळ आवाज आला की शेजारच्या हंसाबेननी दार किलकिलं करून पाहिलं. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, ठळक, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं : कु. निहार दिपेश आल्हाट, इयत्ता तिसरी.

सुचेतानं ते नाव तीनदा वाचलं. पोटच्या पोराचं नाव, पण पत्र्यावर परक्याचं वाटत होतं.

"पेंटर ओळखीचा होता," सुलूताई चपला काढत म्हणाल्या. "म्हटलं, नाव घालूनच न्यावी. तिथं ट्रंका फार बदलतात."

तिथं म्हणजे नगरच्या बोर्डिंगात. सुलूताई तिथल्या मेट्रन. दिपेशची ही थोरली बहीण नवरा गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, दीडशे पोरांच्या नखांवर, केसांवर आणि अंथरुणांवर राज्य करत होती. नणंद आली की सुचेता घरातले सगळे टॉवेल सरळ वाळत घालायची. पण या वेळी त्यांना बोलावलं कुणी, हे तिला कळेना.

कळलं ते संध्याकाळी. दिपेश ऑफिसातून आला, त्यानं ट्रंक पाहिली, आणि बूट न काढता तिथंच स्टुलावर बसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मांजराच्या प्रकरणाच्या दिवशी त्यानं ताईला पत्र लिहिलं होतं, की पोरगं हाताबाहेर चाललंय, जूनपासून तुझ्याकडे घेऊन जा.

"रागात लिहिलं होतं गं."

"पोस्टात टाकताना पण राग होता?"

"पेटीपर्यंत होता," दिपेश म्हणाला. "टाकल्यावर गेला."

मांजराचं प्रकरण सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मे महिना, दिवसाआड पाणी, ते आलं तर पहाटे साडेचारला. हंसाबेननी फडक्यानं गाळून पिण्याच्या पाण्याचं पिंप भरून ठेवलं होतं. त्यांचं दार उघडं, त्या खाली भाजीवाल्याकडे. त्याच्या आदल्याच रविवारी निहारनं पहिल्यांदा बाप्तिस्म्याची उपासना पाहिली होती. ती त्याच्या मनात इतकी बसली, की त्यानं जिन्यातलं करड्या रंगाचं मांजर पकडलं, त्याला पुष्कळ प्रेमानं समजावलं, आणि हंसाबेनच्या पिंपात पूर्ण बुडवून काढलं. मांजर वाचलं. निहारच्या हातावर सहा ओरखडे आले. पिंपातलं पाणी मात्र संडासात ओतावं लागलं, आणि ओततानाचा हंसाबेनचा चेहरा सुचेताला अजून आठवत होता.

त्याबद्दल निहारला बावीस ओव्यांचं स्तोत्र मिळालं होतं.

या घरची शिक्षेची रीतच तशी होती. दोन वर्षांपूर्वी, गॅसवरच्या दुधात खडू उकळल्याबद्दल, दिपेशनं निहारला फूटपट्टीनं मारलं होतं. पट्टी मोडली. पोरगं अर्ध्या तासात विसरून खेळायला गेलं, आणि बाप दोन दिवस जेवला नाही. तेव्हा सुचेतानं त्याच्याकडून वचन घेतलं होतं की पुन्हा हात उचलायचा नाही. मग वळण कसं लावायचं, यावर नवराबायकोनं बराच खल केला आणि ठरवलं : एक गुन्हा, शास्त्रातलं एक वचन. गुन्हा लहान तर ओवी लहान, मोठा तर अख्खं स्तोत्र. पाठ होईपर्यंत खाली खेळायला जायचं नाही. सगळ्यात लांब, एकशे शहात्तर ओव्यांचं जे स्तोत्र आहे, ते राखून ठेवलेलं होतं. "ते मोठं देईन हं," एवढं म्हटलं तरी निहार निदान दहा मिनिटं हात मागे बांधून बसायचा.

सासऱ्यांना, म्हणजे आबांना, ही रीत पहिल्यापासून पसंत नव्हती. पंढरीनाथ आल्हाट हे बत्तीस वर्षं मिशन शाळेचे हेडमास्तर होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनरी साहेबानं त्यांच्या आज्याला नवीन नाव सुचवलं होतं, तर आजा म्हणाला होता की देव बदललाय, हाक मारणारे तेच आहेत. तेव्हापासून या घराण्यात जुनी नावं राहिली, आणि जुने हट्टही. आबा भाईंदरला राहायला आले तेव्हा सोबत वेताची छडी घेऊन आले आणि वचनांच्या कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून त्यांनी ती टांगली. वापरली मात्र कुणावर नाही. उंच दोरीवरचे कपडे काढायला ती फार सोयीची पडायची.

तर शनिवारी संध्याकाळी घरप्रार्थना होती. पाळकसाहेब येणार होते. सुलूताईंचा बेत सरळ होता. बोर्डिंगच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात, बापाची आणि पाळकाची. दोन्ही एकाच बैठकीत घ्यायच्या, रविवारी उपासना करायची, आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं पोराला घेऊन निघायचं. त्यांनी फॉर्म भरूनही ठेवला होता, शाईच्या पेननं, इतक्या सुंदर अक्षरात की सुचेताला राग काढायला एक खाडाखोडही सापडली नाही.

शुक्रवारच्या जेवणात बाजू ठरून गेल्या. आबा लेकीकडे. दिपेश ताटाकडे बघत बहिणीकडे. सुचेता एकटी.

"दिपेश नाही का तिथं राहिला?" सुलूताई म्हणाल्या. "सातव्या वर्षी गेला. काय वाईट झालं त्याचं?"

दिपेश उठला, मोरीत हात धुतले, आणि साबण डबीत घालून, डबी पुसून, कपाटात आपल्या पँटींच्या घडीखाली ठेवायला गेला. लग्नाला दहा वर्षं झाली, हा माणूस रोज असंच करायचा. साबण मोरीत ठेवायचा नाही. लग्नानंतर पहिल्या महिन्यात सुचेताला वाटलं, कंजूष दिसतोय. मग वाटलं, स्वच्छतेची आवड असेल. नंतर तिनं स्वतःचा आणि मुलांचा वेगळा साबण आणला आणि विषय सोडून दिला. माहेरी हसायला एक गोष्ट झाली होती, इतकंच.

अंथरुणं घालताना इशितानं तिला विचारलं, दादा ट्रंकेत मावेल का. सहा वर्षांची ही मुलगी इतकी शहाणी होती की घरात आहे हे कधी कधी विसरायला व्हायचं. सांगावं लागत नसे. दप्तर जागेवर, वेणी सरळ, दूध एका दमात. सुचेता म्हणाली, ट्रंक कपड्यांसाठी असते, दादासाठी नाही. मग इशितानं विचारलं की दादा गेला तर त्याची शिक्षा कोण घेईल. तिनं पोरीला कुशीत ओढलं आणि पलीकडे झोपेतही लाथा झाडणाऱ्या पोराच्या अंगावर चादर टाकली.

शनिवारी सकाळी सुचेतानं घर झाडून काढलं आणि केबिन रोडवरून चिवडा आणि खारी आणली. वाटेत तिच्या मनात नाही नाही ते आलं, म्हणजे पाळकसाहेबांचा ताप, रिक्षांचा संप. पण पाळकसाहेब पेणकरपाड्याहून पाच मिनिटं आधीच आले, ठणठणीत. सलाम झाले. सतरंजीवर चारपाच कुटुंबं बसली. सुलूताईंनी हंसाबेनलाही बोलावून आणलं होतं. प्रार्थनेला नव्हे, साक्षीला. पोरानं काय केलं ते पाळकसाहेबांना त्यांच्याच तोंडून कळावं, असा त्यांचा डाव होता. हंसाबेन दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर ढोकळ्याचा डबा घेऊन, जरा अवघडून बसल्या.

फॉर्म टेबलावर, पाळकसाहेबांच्या चष्म्याच्या घराखाली होता.

गीत झालं. मग नेहमीप्रमाणे संदेशाआधी मुलांनी वचनं म्हणायची. आधी इशिता उभी राहिली. हात जोडून, डोळे मिटून, तिनं शास्त्रातलं सगळ्यात लहान, दोन शब्दांचं वचन म्हटलं, आणि बसली.

"छान," पाळकसाहेब म्हणाले. "आणखी एक?"

"एवढंच येतं," इशिता म्हणाली. "मी एकदाच चुकले होते."

पाळकसाहेबांना हे समजलं नाही. सुचेताला समजलं, आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दोन वर्षांत कुणी या पोरीला काही शिकवलंच नव्हतं. तिनं एकदा आबांच्या चष्म्याला बाहुलीचा फ्रॉक गुंडाळला होता, त्याचे हे दोन शब्द.

मग निहार उठला. मांडीवरची खपली खाजवत त्यानं विचारलं, "कोणतं म्हणू? मांजराचं, खारीचं, का जिन्यातल्या बल्बचं?"

सतरंजीवर कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी चष्मा घातला. "ही वचनं शास्त्रात कुठं आहेत, बाळ?"

"शास्त्रात वेगळी नावं असतील. आमच्या घरात ही आहेत."

"बरं, मांजराचं म्हण."

निहारनं म्हटलं. बावीसच्या बावीस ओव्या, न अडखळता, एका सुरात. सुचेता ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होती. भाकरी थापता थापता तिनंच ते त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. नवव्या ओवीला श्वास घ्यायचा, तिथं त्यानं घेतला. सोळाव्या ओवीला तो नेहमी चुकायचा, तिथं त्यानं आईकडे पाहिलं आणि चुकला नाही. संपलं तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पाळकसाहेबांनी मग खारीचं ऐकलं. बल्बचं ऐकलं. टँकरच्या नळाचं ऐकलं. आबांच्या कवळीचं दोन भागांत ऐकलं, कारण गुन्हाही दोनदा झाला होता. त्यांचा संदेश बाजूलाच राहिला. शेवटी त्यांनी विचारलं, एकूण किती येतात. निहार म्हणाला, दीडशेच्या आसपास, पण त्यात आबांची धरलेली नाहीत.

"आबांची कोणती?"

निहारनं आबांकडे पाहिलं. आबांनी छडीकडे पाहिलं.

"आबा गुपचूप देतात," निहार म्हणाला. खोटं बोलल्याबद्दल एकदा अख्खा अध्याय पडला होता, तेव्हापासून तो त्या वाटेला जात नसे. "म्हणजे आईपप्पांना सांगायचं नाही आणि पाठ करायचं. ते आत्याच्या मिश्रीचं आहे ना, ते."

सतरंजीवरच्या सगळ्या माना सुलूताईंकडे वळल्या.

"मागच्या नाताळात मी तिच्या मिश्रीच्या डबीत विटेची पूड घातली होती," निहारनं खुलासा केला. "अर्धीच."

सुलूताई दीडशे पोरांचे दात रोज सकाळी ओळीनं तपासायच्या, आणि तंबाखूचा वास आला तर पालकांना पत्र लिहायच्या. त्यांची मान ताठच राहिली. पण तोंडातून एक शब्द निसटला.

"तरीच."

पहिल्यांदा हसले ते आबा. बत्तीस वर्षांची हेडमास्तरकी त्या हसण्यात वाहून गेली. मग सतरंजी हसली, आणि शेवटी पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. हंसाबेनना मराठी सगळं कळलं नव्हतं, पण मिश्री कळली, आणि त्यांचा ढोकळ्याचा डबा मांडीवर हलायला लागला.

सुलूताई मात्र हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. चहा झाला, मंडळी उठली, घरचे, पाळकसाहेब आणि हंसाबेन तेवढे उरले, तशा त्या सरळ विषयावर आल्या. पाठांतर चांगलंच आहे, म्हणाल्या, पण दीडशे वचनं म्हणजे दीडशे गुन्हे, हे कुणी मोजलं का? मग हंसाबेनना म्हणाल्या, तुम्हीच सांगा, तुमच्या पाण्याचं काय झालं.

हंसाबेननी पदर सावरला. "पाणी तर टँकरवाला परत देते, सुलूबेन," त्या म्हणाल्या. "छोकरो गेला तर तो कोण परत देणार? मने तो सकाळी याची बडबड ऐकल्याशिवाय चाय पण लागत नाही." आणि ढोकळ्याचा डबा सुचेताच्या हातात देऊन त्या आपल्या घरी गेल्या. साक्षीदार फुटला होता.

पाळकसाहेब हुशार माणूस. ते म्हणाले, सही करायला माझी ना नाही, पण आधी बापाची सही, मग माझी. आणि त्यांनी चष्म्याचं घर उचललं.

खाली फॉर्म नव्हता.

टेबलाखाली पाहिलं, सतरंजी झटकली, पाळकसाहेबांचं शास्त्र उलटं करून हलवलं. सगळ्यांच्या नजरा निहारकडे गेल्या, तर तो तोंडात खारी कोंबून अगदी निष्पाप उभा. सुचेताला मग आठवलं की बऱ्याच वेळापासून घर एका बाजूनं फार शांत आहे.

इशिता मोरीत होती. बादलीत हात कोपरापर्यंत बुडलेले. बादलीतलं पाणी निळं झालं होतं, आणि सुलूताईंच्या सुंदर अक्षरांचा फॉर्म तळाशी, पांढऱ्या फडक्यासारखा, शांतपणे हलत होता.

"मी याचा बाप्तिस्मा केला," इशिता म्हणाली. तिची मान वर होती. "आता मला ते मोठं द्या. एकशे शहात्तरचं."

"वा रे वा," निहार मागून भडकला. "मला अख्ख्या मांजराचं बावीस, आणि हिला एका कागदाचं एकशे शहात्तर?"

सुचेता भिंतीला टेकली. हसू आणि रडू एकाच वेळी आलं तर तोंडाचं काय करायचं असतं, ते तिला माहीत नव्हतं. तिनं पोरीचे निळे हात पदरानं पुसायला घेतले. दोन शब्दांवर सोडलेली ही पोर. आणि पहिला मोठा गुन्हा केला तो भावासाठी, तोही कबुलीसकट.

"असू दे," बाहेरून सुलूताईंचा आवाज आला, अगदी थंड. "माझ्याकडे दुसरा आहे." मेट्रन बाई एकच फॉर्म घेऊन कधी निघत नसते. पर्स उघडल्याचा आवाज झाला, आणि कोरा फॉर्म टेबलावर आला. "दिपेश, तू सही कर. बाकीचं मी भरते."

दिपेश चिवड्याचे हात धुवायला मोरीच्या दाराशी आला होता. सुचेतानं बाजूला होऊन त्याला जागा दिली. तिनं फक्त पोरीचे हात पुसणं चालू ठेवलं. त्यानं कपाटातून आणलेली डबी उघडली, साबण घेतला, हात धुतले. साबण झटकला. डबीत घातला. डबी शर्टाच्या टोकानं पुसली, आणि ती हातात घेऊन, नेहमीसारखा, कपाटाकडे निघाला.

ट्रंकेपाशी तो थांबला. झाकणावरचं नाव वाचलं. मग हातातल्या डबीकडे पाहिलं, जणू ती कुणी आत्ताच त्याच्या हातात ठेवली होती.

"ताई," तो म्हणाला, "मी अजून साबण बाहेर ठेवत नाही."

सुलूताईंना कळलं नाही. सुचेताला कळलं. दहा वर्षांनी, एका क्षणात. डोक्याशी ट्रंक घेऊन झोपलेलं, साबण कुणी नेऊ नये म्हणून मुठीत धरलेलं सात वर्षांचं पोरगं तिला इतकं स्पष्ट दिसलं, की माहेरी केलेल्या सगळ्या थट्टा तिला बोचायला लागल्या.

आबा खाटेवरून म्हणाले, "दिवाळीला न्यायला गेलो होतो याला. मला वाटलं मार्क दाखवेल, तर यानं साबण दाखवला. म्हणाला, बघा आबा, अजून उरवलाय." मग म्हणाले, "मी त्याला शाबास म्हटलं होतं. हेडमास्तर होतो ना."

आबा उठले आणि खिळ्यावरची छडी काढली. निहार झटकन आईच्या मागे गेला. आबांनी वाकून, छडीच्या टोकानं, ती हिरवी ट्रंक हळूहळू खाटेखाली ढकलली, पार भिंतीला लागेपर्यंत. मग छडी परत टांगली.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि फार लांबवली नाही.

सुलूताई रविवारच्या उपासनेनंतर निघाल्या. ट्रंक राहू दे, म्हणाल्या, नाव तर घातलंच आहे. निहारनं त्यांच्या पाया पडताना कबूल केलं की या वेळी डबीत काही घातलं नाही, तर त्यांनी त्याचा कान धरला, आणि बराच वेळ धरूनच ठेवला. पुढं सुचेतानं तांदूळ ठेवायला ट्रंक उघडली तेव्हा तळाशी हातानं विणलेला एक स्वेटर निघाला, आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचा. नगरला थंडी फार असते. सुचेतानं तो निहारच्या अंगाला लावून पाहिला, आणि मग नणंदेला तिनं आपणहून पहिलं पत्र लिहिलं.

इशिताला ते मोठं स्तोत्र मिळालं, रोज एक ओवी. ती निहारला रोज ती म्हणून दाखवायची आणि तो जळायचा.

पण ते सगळं नंतरचं. सोमवारी सकाळी, ज्या गाडीनं पोरगं जायचं होतं ती गाडी निघून गेल्यावर, सुचेता मोरीत गेली तर कट्ट्यावर दिपेशचा साबण होता. डबीबाहेर. ओला, उघडा, विसरल्यासारखा ठेवलेला. मग तिनं तो हातात घेतला, आणि तिला दिसलं की त्याला करड्या रंगाचे बारीक केस चिकटले आहेत, बरेच.

तिनं केस एकेक करून काढले, साबण धुतला आणि होता तिथंच ठेवला. मग बाहेर येऊन निहारच्या कानात, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, एक अगदी लहानसं वचन पाठ करायला दिलं.